पहिला आणि तिसरा खाली

मुलगी नोकरीसाठी पुण्याला गेली आणि दोन महिन्यांत आमचं फोनवरचं बोलणं चार वाक्यांवर आलं. जेवलीस का? हो. काय होतं? मेसचं नेहमीचं. मग मी इकडच्या, काशीतल्या माकडांच्या कागाळ्या सांगायचे, ती 'हं, हं' करायची आणि मागून कीबोर्डाची टकटक ऐकू यायची. बाईसाहेब गेम खेळत असायच्या. एकदा मी चिडून म्हटलं, "त्या बंदुकवाल्यांशी तरी बोलतेस का?" तर म्हणाली, "तू पण कंप्युटर घे ना आई, खेळता खेळता बोलू." ती थट्टेत म्हणाली, मी मनावर घेतलं. लेक हातातून निसटत चालली होती आणि माझ्याकडे दुसरा उपाय नव्हता.

मी शाळेत गणित शिकवते आणि 'तुला जमणार नाही' हे मला कुणी म्हटलेलं खपत नाही. म्हणून तिला आधी कळवायचंच नाही असं ठरवलं. एका रविवारी संध्याकाळी थेट गेममध्ये तिच्यासमोर उभं राहायचं.

तयार कंप्युटर आवाक्याबाहेर, म्हणून सुटे भाग घेऊन घरी जोडायचा. महिनाभर व्हिडिओ बघून मी एक वही भरली. हे भाग म्हणजे लग्नघरातले पाहुणे, एकाची मर्जी राखावी तर दुसरा रुसतो. प्रोसेसर पसंत पडला, तर परवडणाऱ्या मदरबोर्डावर तो बसेना. बसणारा सापडला, तर त्याला स्वतःहून पडद्यावर चित्र दाखवता येत नव्हतं, म्हणजे ग्राफिक्स कार्ड आलंच. कार्ड ठरवलं, तर ते कॅबिनेटपेक्षा, म्हणजे बाहेरच्या पेटीपेक्षा, दोन बोटं लांब निघालं. सगळं एकमेकांना मानवेपर्यंत मी वहीतली निम्मी पानं खोडली. मला फार मजा येत होती, हे कबूल करते.

दुकानदार म्हणाला, "बेटे के लिए बनवा रही हैं, माताजी?"

"अपने लिए."

त्याने चष्मा पुसला. मग एक जुना बोर्ड पुढे सरकवून म्हणाला, "ये लीजिए, चल जाएगा." जुना बोर्ड नवा प्रोसेसर आपोआप ओळखत नाही, हे माझ्या वहीत होतं. मी विचारलं, "इस प्रोसेसर के लिए बायोस अपडेट करके देंगे, या ऐसे ही चल जाएगा?" तिथून पुढे मी 'माताजी'ची 'मैडम' झाले. पर्समधून शिवणाची टेप काढून कॅबिनेट आतून मोजलं, तेव्हा त्याने चहा मागवला.

पंचगंगा घाटाच्या वरच्या आमच्या गल्लीत रिक्षा येत नाही. आमच्या ह्यांनी कॅबिनेट खांद्यावर घेतलं आणि मंगला गौरीच्या देवळापर्यंत जो जो भेटेल त्याला "माइक्रोवेव है" म्हणून सांगितलं. त्यानंतर आठवडाभर शेजारणी केक मागत होत्या.

एकच शंका राहिली होती. बोर्डावर रॅमचे, म्हणजे मेमरीच्या पट्ट्यांचे, स्लॉट चार आणि माझ्याकडे पट्ट्या दोन. कोणत्या स्लॉटात घालायच्या, ते मी दुकानदाराला विचारून ठेवलं होतं. त्याचा फोन मी शाळेत असताना आला. ह्यांनी तो घेतला आणि कॅलेंडरच्या फाडलेल्या पानामागे चिठ्ठी लिहून ठेवली: 'पहिला आणि तिसरा खाली सोडायचा.'

रविवारी दुपारी मी सगळं जोडलं. चिठ्ठीबरहुकूम पहिल्या आणि तिसऱ्या स्लॉटात पट्ट्या हलकेच खाली सोडल्या, खट्कन बसल्या. बटण दाबलं. पंखे फिरले, बोर्डावर लाल दिवा लागला, पडदा काळाच. सगळं सोडवून पुन्हा जोडलं. पुन्हा लाल. तिसऱ्यांदा लाल दिवा लागला तेव्हा मला रडूच यायला लागलं. सहा वाजत आले होते.

"अगं, फोन कर तिला," हे म्हणाले.

"मुळीच नाही," म्हटलं, आणि दहा मिनिटांनी केला.

व्हिडिओवर तो पसारा बघून मुलगी किंचाळली. "आई! ये सब तूने किया? अगं, तू वेडी आहेस का?" मग एकदम गंभीर होऊन, "रॅम कुठे लावलीस?"

"पहिल्या आणि तिसऱ्यात. तसंच सांगितलंय." मी चिठ्ठी कॅमेऱ्यासमोर धरली.

तिने ती वाचली आणि खुर्चीतून पडेपर्यंत हसली. "आई, हे बाबांचं खाली आहे! खाली छोड़ना! ते स्लॉट रिकामे ठेवायचे!"

"मग दुसरं काय असतं खाली?" ह्यांनी निरागसपणे विचारलं.

मी साताऱ्याची, हे जन्मापासून काशीतले. सव्वीस वर्षं मी ह्या घराची मराठी सुधारते आहे. 'ग्लास खाली कर' असं कुणी म्हणालं की मी मुद्दाम तो जमिनीवर ठेवते. आणि ऐन वेळी माझी शुद्ध मराठीच मला नडली. हसू आवरेना. पट्ट्या काढून दुसऱ्या आणि चौथ्या स्लॉटात घातल्या, आणि पडदा उजळला.

गेम डाउनलोड व्हायला वेळ लागला, पण ती थांबली. मग मी एका पडक्या गावात उभी होते, हातात उलटी बंदूक, तोंड भिंतीकडे. कानात तिचा आवाज आला, "हलू नकोस, मी तुला न्यायला येतेय."

ती पुढे, मी तिच्या मागे. कुठे लपायचं, कुठे धावायचं, ती सांगत होती. एका ओसाड शेतातून जाताना त्याच आवाजात, गोळ्या झाडता झाडता म्हणाली, "आई, मला इथे एकही मैत्रीण नाही मिळाली. रोज रडू येतं."

फोनवर असते तर शंभर प्रश्न विचारले असते आणि ती 'काही नाही गं' म्हणून गप्प झाली असती. मी चालत राहिले.

"बोल, ऐकतेय मी," म्हटलं. "आता कुठे वळू?"

"उजवीकडे," ती म्हणाली, आणि बोलायला लागली.