आत्याच्या वाडीतली मगर

पंच्याहत्तरच्या आसपासचा उन्हाळा. निफाडच्या बाजूला गोदावरीच्या वाळूत माझ्या आत्याची कलिंगडाची वाडी होती. मी सातपूरला कंपनीत नवाच लागलो होतो, सुट्टी मिळाली की एसटी पकडून तिच्याकडे पळायचो... कलिंगडं फुकट, शिव्याही फुकट.

वेलांसाठी खड्डे खणताना तिला वाळूत अंडी सापडली. मगरीची. शेजारचे वाडीवाले म्हणाले फोडून टाक, गेल्या साली हिनेच शेळी नेली. आत्याने अंड्यांवर वाळू सारखी केली आणि तेवढा तुकडा लागवडीतून सोडून दिला.

"बाळंतीण हाय ती. तिच्या वाटंला जायचं नाय." आत्याच्या तोंडी कोणी लागत नसे, म्हणून अंडी वाचली. मग मगर काठावर पडून असायची, आत्या वेलांना पाणी घालायची... दोघी एकमेकींवर नजर ठेवून.

उन्हाळा सरत आला तेव्हा एका पहाटे वाळूतून बारीक आवाज येऊ लागले. मगरीने पायांनी वाळू उकरली आणि एकेक पिल्लू जबड्यात घेतलं. आम्ही दोघं लांबून बघत होतो. "सोताची पोरं खाती," आत्या म्हणाली आणि तडक घरी गेली.

दोन दिवसांनी लोकांनी बंदूकवाला आणला. मारायला बंदी आहे असं मी सांगून पाहिलं, ते हसण्यावारी गेलं. आत्या या वेळी आडवी आली नाही.

मगरीच्या पोटात दागिने सापडतात असं तिकडे मानायचे, म्हणून पोट फाडलं. नदीतले गोटे निघाले, माशांचे काटे निघाले. पिल्लू एकही नाही... आणि तेव्हाच काठच्या पाणगवतातून तो बारीक आवाज आला.

आत्या गवतापाशी जाऊन वाकून बघू लागली. मग हळूच म्हणाली, "खात नव्हती रे... पाण्यात नेत व्हती."

हंगाम संपून वाड्या उठल्या, बाकीचे घरी गेले. आत्या मात्र नदीला पूर येईपर्यंत रोज त्या गवतापाशी बसून बगळे हाकलत राहिली. पुरात पिल्लं कुठे गेली, कोणालाच कळलं नाही.

आत्या जाऊनही बरीच वर्षं झाली. परवा एका मित्राने गोदावरीतल्या मगरीचा फोटो पाठवला, वाळूवर ऊन खात पडलेली. मी तो मोठा करकरून बघत बसलो... त्या पिल्लांतलं एखादं जगलं असेल, तर ही त्याचीच लेक असू दे. आत्यासाठी एवढंच मागणं आहे.