किन्हीराजाची चूल आन कारंज्याची वसरी

गल्लीतल्या बायांनो, नाम्यानं माह्या चुलीत तांब्याभर पानी ओतलं, तवाच मले समजलं का हा काही मले चार दिवसांसाठी कारंज्याले नेत नाही. तुमी साऱ्या वावरात निंदनाले गेल्या होत्या, म्हनून कोनी पाह्यलं नाही. बैल जुंपलेली दमनी दारात उभी होती. मी नेहमीसारखा निखारा राखेत झाकला, वरून गोवरी ठेवली, आन म्हटलं, शेजारच्या सोनीले सांगून येतो, ती सांज-सकाळ एक गोवरी घालीन. तं हा म्हने, "घराले आग लागीन, माय. चार दिवसाच्या कामाले निखारा कायले पाह्यजे?" आन ओतलं पानी. नांदत्या घराच्या चुलीत पानी ओतते का कोनी? साठीचा बुढा झाला माहा लेक, पन अक्कल आली नाही. मी दमनीत बसली, पन रस्ताभर त्याच्याशी बोलली नाही. मुक्कामालेही तोंड फिरवूनच निजली.

ज्या सुना नव्या असतीन, त्याहीच्यासाठी सांगतो. नाम्या साऱ्याहीले सांगते, माय तठी एकटी होती म्हनून आनली. एकटी कवा होती मी? माहे मालक गेल्यावरही त्या घराचं दार पाह्यटेपासून उघडं राहे. कोनाच्या चुलीतला विस्तव विझला का ती खापर घेऊन माह्या दारात. काडीपेटी दुकानात भेटे, नाही असं नाही. पन माह्या चुलीत निखारा असताना काडी कोन जाळीन? आन विस्तव नेनारी काही तशीच निंगे का? बसे घडीभर. कोनाची गाय व्याली, कोनाची पोरगी बाळंतपनाले आली, कोनाच्या नवऱ्यानं काल तमाशा केला, सारं मले चुलीपाशी समजे. माही सासू खाष्ट होती, तिनं मले लय रडवलं, पन एक गोष्ट शहानपनाची सांगून गेली: "पोरी, आगीले आन पान्याले कोनाले नाही म्हनू नये." मी जल्मभर नाही म्हटलं नाही. जिच्याशी भांडन होतं, तिलेही विस्तव देला.

आता कारंज्याचं ऐका. नाम्या गोऱ्या कंपनीच्या जीनमंधी, कापसाची सरकी काढतात तठी, मुकादम आहे. पाह्यटे जीनचा भोंगा वाजते, तवा हे गाव उठते. पहिल्याच दिवशी मी उठली, तं सुनेची चूल थंडगार. तिच्याजवळ पितळी स्टो आहे, हे मले काय ठाऊक? मी एक गोवरी उचलली आन बाजूचं दार वाजवलं. अठी दारं दिवसाही लावलेलीच असतात. बाईनं अर्धंच दार उघडलं. मी म्हटलं, "थोडा विस्तव दे वं बाई. मी नाम्याची माय, कालच आली." ती एक वक्त माह्याकडे पाहे, एक वक्त गोवरीकडे. अंदर गेली आन काडीपेटी आनून देली. अख्खी. "ठेवा तुमच्यापाशीच," म्हने, आन दार लावलं. ना माहं नाव पुसलं, ना गाव पुसलं.

सुनेनं कपाळाले हात लावला. "आत्याबाई, लोकं काय म्हनतीन? मुकादमाच्या घरात काडीपेटी नाही? तुमी कोनाच्या दारी जाऊ नका. तुमी बसा."

तवापासून मी वसरीवर बसलीच आहे. भाजी निसतो म्हटलं, तुमी बसा. ताक घुसळतो म्हटलं, तुमी बसा. खायले देतात, खोटं कायले बोलू? दुधात भाकर कुस्करून देतात, लुगडं धुऊन वाळवून देतात. येनारे-जानारे म्हनतात, म्हातारीनं नशीब काढलं. आग लागो त्या नशिबाले. खुट्याच्या म्हशीपाशीही मानूस दोन शब्द बोलते.

परवा आपल्या गल्लीतला शिवराम कापसाची गाडी घेऊन जीनमंधी आला. नाम्यानं त्याले घरी जेवाले आनलं. मले वाटलं, दिवाळीच आली. मी पुसलं, "सोनी काय करते रे?" त्यानं हातातला घास ताटात ठेवला आन सांगतलं. सोनी दसऱ्याच्या आधीच गेली. आन नाम्याले ठाऊक होतं! म्हने, "तुले या वयात धक्का बसीन म्हनून सांगतलं नाही, माय."

धक्का? मी दोन लेकरं मातीत देले, नवरा पोचवला, मोठ्या दुष्काळात झाडाचा पाला शिजवून याचंच पोट भरलं. आन मले धक्का बसीन? बसू दे ना. माही सोनी होती ती. आमी दोघी एकाच साली त्या गल्लीत सुना म्हनून आलो. मले 'चंद्रे' म्हननारी ती एकच उरली होती. तिच्यासाठी रडनं माहं होतं, नाम्या. तेही तू मले इचारल्याशिवाय ठेवून घेतलं.

मी शिवरामले म्हटलं, मले गाडीत घे. तो म्हने, "नाम्यादादाले पुसतो." मी काय सरकीचं पोतं आहे, का मालकाले पुसावं लागीन? शिवराम, तू आता परत निंगाला आन हा निरोप तुह्याच तोंडी धाडून राह्यली, तं हेही सांगजो त्याहीले, गाळजो नको. आन दादा काय म्हने? "तठी आता कोन आहे तुहं? घरात चुलतभावानं कडबा भरला." मी म्हटलं, कडबा काढता येते. तो उठला आन जीनमंधी चालला गेला.

आता इतल्या वयात मले घर म्हनजे काय, ते एवढंच समजते. किन्हीराजात माहं दार एखाद्या सकाळी उघडलं नसतं, तं न्याहारीच्या आत तुमच्यातली कोनी ना कोनी कडी वाजवत आली असती, "काय वं बुढे, मेली का?" म्हनत. म्हनून सांगतो, या शिवरामच्या भरोशावर राहू नका. तुमी चौघीजनी दमनी घेऊन या. नाम्या मले नाही म्हनते, पन तुमच्या तोंडाले लागाची त्याची हिंमत नाही. कडबा मी काढतो, बसून बसून काढतो, पन काढतो. फक्त लवकर या. अठी मी एखाद्या सकाळी उठलीच नाही, तं सून म्हनीन, "निजू द्या, म्हातारं मानूस आहे," आन जेवनाचं ताट येईपरेंत कोनाले पत्ताच लागनार नाही.