फक्त रेषेकडे बघायचं होतं

बसा, सांगते. पण आधी एक कबूल करा. ऐकून झाल्यावर मला "अगं, होतं असं कधीकधी" म्हणायचं नाही. कारण असं कुणाचंच होत नाही, मी विचारून बघितलंय. एका पांढऱ्या पट्ट्याकडे बघत बसायचं, एवढं एकच काम दिलं आणि तेवढंही जमलं नाही, असं माणूस या नाशकात एकच आहे. ते आत्ता तुमच्यासमोर बसून चहा पितंय.

शाळकरी मुलांच्या त्या आंतरराष्ट्रीय क्रीडा स्पर्धा झाल्या, आठवतंय ना? कुठकुठल्या देशांची मुलं आली होती. पळणं, पोहणं, कुस्ती असलं सगळं इतर शहरांत गेलं आणि बॅडमिंटन आलं आपल्या वाट्याला. मग काय विचारता! जन्मात कधी रॅकेट हातात न धरलेली माणसं रिक्षात बसून बॅकहँडवर बोलायला लागली. मी भाजी घ्यायला गेले तर मेथीवाल्या मावशी मला विचारतात, "मॅडम, ते फूल खरंच बदकाच्या पिसांचं असतं का हो?"

मी सातपूरला एका शाळेत पी.टी. शिकवते. कॉलेजात बॅडमिंटन खेळले होते, पुढे पंचांची परीक्षाही दिली होती. त्यामुळे मला फोन आला, की तुमची लाइन जज म्हणून निवड झाली आहे. मी फोन ठेवला आणि स्वयंपाकघरात जाऊन उगाचच पाणी प्यायले. पहिल्यांदाच आंतरराष्ट्रीय काहीतरी माझ्या नशिबी येत होतं.

आता लाइन जज म्हणजे काय, तर मैदानाच्या कडेला खुर्चीत बसायचं आणि आपल्याला नेमून दिलेल्या रेषेकडे बघत राहायचं. शटल रेषेच्या बाहेर पडलं तर दोन्ही हात पसरून "आऊट" म्हणून ओरडायचं. आत पडलं तर तोंड बंद ठेवायचं आणि उजव्या हाताने रेषेकडे बोट दाखवायचं. आणि खेळाडू मध्ये आल्यामुळे किंवा कशाने दिसलंच नाही, तर दोन्ही हातांनी डोळे झाकायचे. झालं, संपलं काम. ना पळायचं, ना बोलायचं, ना कुणाशी वाद घालायचा.

आमचे मुख्य पंच पिंगळे सर. आवाज असा, की मागच्या रांगेतला माणूसही ताठ बसेल. प्रशिक्षणाच्या दिवशी त्यांनी आम्हाला उभं करून सांगितलं, "खुर्चीत बसलात की तुम्हाला गाव नाही, देश नाही, नातं नाही. तुम्ही म्हणजे फक्त एक रेष." मला ते इतकं पटलं, की घरी येऊन मी तेच वाक्य नवऱ्याला ऐकवलं. तो जेवत होता. तो म्हणाला, रेषबाई, जरा आमटी वाढा.

पण त्याला कौतुक होतं हो. त्याची कंपनी सातपूर एमआयडीसीत. स्पर्धेच्या सगळ्या दिवसांसाठी त्याने शिफ्ट बदलून घेतली. सासूबाईंनी ठेवणीतली साडी काढली. आमच्या कॉलनीतली अर्धी माणसं रोज हॉलमध्ये हजर. खेळ बघायला नव्हे, मला बघायला! मी हात पसरून "आऊट" म्हटलं की एका कोपऱ्यातून टाळ्या. पिंगळे सर त्या कोपऱ्याकडे असं बघायचे, की मला खुर्चीखाली लपावंसं वाटायचं.

सुरुवातीचे दिवस मी झकास काम केलं, हे मात्र मान्य करा. केसभर बाहेर पडलेलं शटल पकडलं मी. सर एकदा जाताजाता "चांगलं चाललंय" म्हणाले. झालं. मी हवेत. सहकारी बायकांना मी नजर कशी स्थिर ठेवायची यावर टिप्स द्यायला लागले. माझ्यासारखीने कुणाला टिप्स द्याव्यात, पण दिल्या.

आणि मग उपांत्यपूर्व फेरी आली.

रेणुका भोर ही इगतपुरीची पोर. सोळा वर्षांची, काटकुळी, घट्ट वेणी घातलेली. वडील रेल्वेत. आपल्या जिल्ह्याची म्हणून अख्खं नाशिक तिच्या मागे उभं होतं. आणि बॅडमिंटनचा नियम असा, की उपांत्य फेरीत हरलेल्या दोघींनाही ब्राँझ मिळतं, तिसऱ्या नंबरासाठी वेगळी मॅच नसते. म्हणजे ही एक मॅच जिंकली, की पोरीच्या गळ्यात पदक पक्कं. हरली, तर हात हलवत इगतपुरीला परत. आणि या मॅचला मागच्या रेषेवर कोण? तर मी.

समोर मलेशियाची मुलगी. ती काय खेळत होती! आमची रेणुका पहिला गेम हरली, दुसरा कसाबसा जिंकली, आणि तिसऱ्यात दोघी एकेका पॉइंटसाठी जीव तोडून खेळायला लागल्या. हॉलमध्ये बसायला सोडा, उभं राहायला जागा नव्हती.

आता खरं सांगते. तिसऱ्या गेममध्ये कधीतरी मी रेष राहिलेच नाही. रेणुका माझ्या खुर्चीच्या पुढ्यातच खेळत होती. एकदा ती पडली, गुडघा सोलवटला, तशीच उठली आणि बाहीने तोंड पुसून पुन्हा सर्व्हिसला उभी राहिली. बघायचं होतं रेषेकडे आणि मी बघतेय तिच्या गुडघ्याकडे. मनातल्या मनात म्हणतेय, हळू गं बाई, घाई करू नको. पंचांना असलं काही मनातसुद्धा म्हणायला परवानगी नसते.

वीस-एकोणीस. मॅच पॉइंट आमच्या रेणुकाचा.

रॅली सुरू झाली ती संपेचना. इकडून तिकडे, तिकडून इकडे. आणि मग त्या मलेशियाच्या मुलीने शटल असं उंच उडवलं, की ते पार छताच्या दिव्यांपर्यंत गेलं आणि तिथून सरळ खाली यायला लागलं. कुठे? माझ्या रेषेवर! रेणुका धावत मागे आली, वर बघितलं, रॅकेट उचलली... आणि खाली घेतली. सोडून दिलं तिने. बाहेर जाणार, असा अंदाज केला पोरीने. सगळं पदक त्या एका अंदाजावर टांगलेलं.

माझी एक खोड आहे. घरी टीव्हीवर क्रिकेटची शेवटची ओव्हर लागली, पोराला इंजेक्शन द्यायचं असलं, दहावीचा निकाल बघायला कुणी मोबाइल उघडला, की मी डोळे झाकते. लहानपणापासून. ठरवून नाही, हात आपोआप वर जातात.

गेले.

"टप" असा आवाज झाला. त्याच्यावर लोकांचा असा आरडाओरडा उठला, की पत्रे हलले. मी हातांच्या आत, अंधारात, मनात म्हणतेय, झालं बाई, सुटलो. आणि मग तो आवाज हळूहळू बसत गेला. अगदी शांत झालं. एवढे लोक असताना इतकी शांतता मी कधी ऐकली नव्हती.

मी बोटं जरा फाकवली. समोर रेणुका माझ्याकडे बघतेय. जाळीपलीकडून ती मलेशियाची मुलगी माझ्याकडे बघतेय. उंच खुर्चीवर बसून ही मॅच चालवणारे पंच माझ्याकडे बघतायत. अख्खं नाशिक माझ्याकडे बघतंय. आणि माझे दोन्ही हात माझ्या डोळ्यांवर.

तेव्हा डोक्यात वीज चमकली, की अरे, मी इथे बघायला बसले होते!

शटल रेषेच्या मागे घरंगळून पडलं होतं. पडलं कुठे आणि घरंगळलं कुठून, देवाला ठाऊक. हात काढून आता "आऊट" म्हणावं? कशाच्या जोरावर? मी बघितलंच नव्हतं. हात खाली येईनात. उंच खुर्चीवरच्या पंचांना रेणुका मध्ये आल्यामुळे दिसलं नव्हतं. त्यांनी माझ्याकडे आणखी एकदा बघितलं, मान हलवली आणि जाहीर केलं, की पॉइंट पुन्हा खेळायचा.

पुन्हा! रेणुकाचं तोंड असं उतरलं, की अजून डोळ्यांसमोरून जात नाही. तिने शटल उचललं आणि गेली. पुन्हा खेळलेला पॉइंट ती हरली. वीस-वीस. कोपऱ्यातून माझ्या कॉलनीतली एकही टाळी नाही. सासूबाई माझ्याकडे बघत होत्या. सकाळी दूध उतू गेल्यावर बघतात, अगदी तशाच.

पुढचा खेळ मी कसा काढला, मला विचारू नका. डोळे मी असे ताणून धरले, की त्यातून पाणी यायला लागलं. शेजारच्या लाइन जजला वाटलं मी रडतेय. रडतही होते म्हणा. एकच जप, ही पोर माझ्यामुळे हरायला नको. एकवीस-वीस, एकवीस-एकवीस, असं करत करत शेवटी त्या समोरच्या मुलीचा एक फटका जाळीत अडकला आणि रेणुका जिंकली. जाळीत हं, माझ्या रेषेपासून लांब. देव आहे, असं मी तेव्हा म्हटलं.

मॅच संपली आणि पिंगळे सरांचं बोलावणं आलं. मी मनाची तयारी केली. हाकलतील, शाळेला कळवतील, बरोबरच आहे. आत गेले तर बाकीचे सगळे लाइन जज ओळीने उभे. सर म्हणाले, "यांच्याकडून शिका. मॅच पॉइंट, एवढा दबाव, घरचं पब्लिक. पण दिसलं नाही तर क्षणाचाही विलंब न लावता कबूल केलं. याला म्हणतात प्रामाणिकपणा." आणि टाळ्या! माझ्यासाठी! मी तोंड उघडलं, खरं सांगायला. सर म्हणाले, नको, विनय नको. आणि मी, काय सांगू, तोंड मिटलं.

बाहेर आले तर दुसराच धक्का. लोकांनी गराडा घातला. ओळख ना पाळख, असे एक गृहस्थ माझा हात हलवत हळूच म्हणतात, मॅडम, मानलं तुम्हाला, शटल आत पडलेलं दिसल्यावर काय डोकं चालवलंत, डोळे झाकून आपल्या पोरीचा पॉइंट वाचवलात. मी गारच पडले. आत मी प्रामाणिक ठरले होते आणि बाहेर लबाड. मी यातली कुणीच नव्हते. मी फक्त घाबरट होते.

नवऱ्याने मोबाइलवर शूटिंग केलं होतं. म्हटलं, दाखव, निदान शटल कुठे पडलं ते तरी कळू दे. बघते तर ऐन वेळेला त्याने कॅमेरा माझ्यावर आणलेला. शटल नाही, रेष नाही, रेणुका नाही. फक्त मी, डोळे झाकून. तो म्हणाला, तूच तर दाखवायची होतीस ना गं. घरी पोचेपर्यंत ते कॉलनीच्या ग्रुपवर गेलंही होतं.

पण तिथून निघण्याआधीचंच सांगायचं राहिलं. आम्ही पार्किंगकडे चाललो होतो, तेवढ्यात मागून "मॅडम" म्हणून हाक आली. रेणुका! गुडघ्याला पट्टी, हातात केळं. ती म्हणाली, हात मिळवताना त्या मलेशियाच्या मुलीनेच तिला सांगितलं, की ते शटल चांगलं वीतभर बाहेर होतं.

म्हणजे पोर तेव्हाच जिंकली होती. पोरीचा अंदाज बरोबर, पदक तेव्हाच पक्कं, आणि मी तिला त्या सोललेल्या गुडघ्यावर पुन्हा मरमर खेळायला लावलं होतं. आता मात्र मला राहवेना. म्हटलं, रेणुका, मला दिसलं नाही असं नाही गं. मी बघितलंच नाही. तुझ्या काळजीने डोळे झाकून घेतले. तू हरली असतीस तर मी स्वतःला माफ केलं नसतं.

तिला हसावं का रडावं कळेना. तेवढ्यात तिच्या मागे उभ्या असलेल्या बाई पुढे आल्या. साधी साडी, हातात पिशवी. तिची आई. माझं सगळं बोलणं त्यांनी ऐकलं होतं. मी हात जोडले. त्यांनी माझ्याकडे खालपासून वरपर्यंत बघितलं, चिडून नाही, नवल वाटल्यासारखं.

म्हणाल्या, "मलाबी नाय बघवत, ताई. पोरगी खेळती तवा माझा जीव लय घाबरतो. मी आतच जात नाय, बाहेर पायऱ्यांवर बसून राहते."

मला इतकं बरं वाटलं म्हणून सांगू! म्हटलं, चला, मला समजून घेणारं एक तरी माणूस भेटलं.

मग त्यांनी पिशवी या हातातून त्या हातात घेतली आणि विचारलं, "मी तिची आई असून बाहेर बसते. तुम्हाला कुणी आत बसवलं?"