वरच्या मजल्यावर पडलेला दात

कुवेतमधल्या आमच्या इंग्रजी दैनिकाच्या डेस्कवर दोन प्रकारची माणसं होती, फॅमिलीवाले आणि बॅचलर. बायको-मुलं मायदेशी ठेवून एकटा राहणारा माणूस इथे बॅचलर ठरतो, मग गावाकडे त्याला चार मुलं का असेनात. मी नाशिकच्या एका मराठी दैनिकातून आलो तेव्हापासून बॅचलर होतो. कुटुंब कायमचं आणायला पगाराची जी अट आहे, ती माझ्या पगारात बसत नव्हती. शहरातल्या सालमिया भागात तिघांत मिळून एक फ्लॅट होता. फ्रिजचे कप्पे वाटून घेतलेले होते.

माझ्या शेजारी बसणारा मुख्य उपसंपादक स्कॉटलंडचा होता आणि फॅमिलीवाला होता. लग्न झाल्या झाल्या तो इथे आला. दोन्ही मुलगे इथेच जन्मले. बायको शाळेत शिकवायची. रोज संध्याकाळी, पानं सोडायच्या ऐन घाईत, तो उठायचा, "सूप गार होईल" एवढंच म्हणायचा आणि घरी जेवायला जायचा. नोकरी घेतानाच त्याने ही सवलत मागून घेतली होती. तासाभराने परत यायचा तेव्हा शर्टावर पावाचा चुरा असायचा. मधल्या वेळात त्याची पानं मी बघायचो.

डेस्कवर बऱ्याच जणांना त्याच्या पासपोर्टचा आणि पगाराचा हेवा वाटे. मला त्या चुऱ्याचा वाटे. तो झटकायचंही त्याच्या लक्षात येत नसे.

त्याचा बाप समुद्रातल्या तेलविहिरींवर काम करायचा, हे त्याने एकदा सांगितलं. काही आठवडे समुद्रात, काही आठवडे घरी.

"तो आला की आई चांगल्या बशा काढायची," तो म्हणाला. "पाहुण्यांच्या. आम्ही त्या फुटू नयेत म्हणून जपून जेवायचो. मला तसं नको होतं." मग त्याने विचारलं, "तू गावी गेलास की तुझ्या घरी चांगल्या बशा काढतात का?"

आमच्याकडे स्टीलची ताटं आहेत, असं मी सांगितलं. ते खरं होतं. मी गेलो की पलंगावर नवी चादर असते, हे मी सांगितलं नाही.

माझी मुलगी सहा वर्षांची होती. ती आणि मी रोज सकाळी व्हिडिओ कॉलवर भेटायचो. तिकडे तिची आई फोन डब्याला टेकवून ठेवायची आणि मुलगी पोळी खाता खाता शाळेतली भांडणं सांगायची. इकडे मी चहा प्यायचो. माझ्या तोंडाऐवजी छत दिसायला लागलं की ती ओरडायची, "ए बाबा, नीट धर ना!" त्या वर्षी तिचा पहिला दात हलायला लागला. रोज तो कॅमेऱ्याजवळ आणून दाखवणं सुरू झालं. फोनवर आमचा करार झाला होता.

"मी तिकडे आले की तूच पाड हं. आईला हातसुद्धा लावू देणार नाही."

"दुखलं तर?"

"तू पाडलास तर नाही दुखणार."

मे महिन्यात त्या दोघी व्हिजिट व्हिसावर महिनाभर आल्या. इथे फॅमिलीवाले गावी गेले की त्यांचं घर ओळखीतल्या बॅचलरला राहायला मिळतं, त्याने झाडांना पाणी घालायचं या बोलीवर. पुण्याचे एक इंजिनिअर घरातल्या लग्नासाठी सहकुटुंब गेले होते. त्यांचा फ्लॅट स्कॉटिश माणसाच्या बरोबर खाली होता आणि किल्ली त्यानेच मिळवून दिली. माझं कुटुंब महिनाभर माझ्याजवळ राहणार होतं तेही त्याच्या शब्दावर.

विमानतळावर मुलगी आईच्या मागे उभी राहिली. मग पुढे येऊन म्हणाली, "बाबा, तुम्ही कसे आहात?" फोनवर ती मला कधीच तुम्ही म्हणाली नव्हती.

खालच्या बकाल्यातून, म्हणजे इथल्या वाण्याकडून, मी तिच्यासाठी स्ट्रॉबेरीचं दूध, चॉकलेटचे गोळे आणि तीन तऱ्हेची बिस्किटं आणली होती. तिने प्रत्येकातलं थोडं थोडं खाल्लं आणि "छान आहे" म्हणाली. दुसऱ्या दिवशी वरच्या बाईंनी आम्हाला नाश्त्याला बोलावलं. तिथे तो ओट्सची पातळ लापशी ढवळत होता, साखर न घालता, नुसत्या मिठाची. मुलीने चव घेतली, आईला सांगितलं, "मऊ भातासारखं आहे," आणि वाडगा पुन्हा पुढे केला. त्यानंतर ती रोज सकाळी वर जायला लागली. त्याला ती वरचे काका म्हणायची. ती मराठीत बोलायची आणि तो त्याच्या इंग्रजीत उत्तरं द्यायचा. ते इंग्रजी डेस्कवरच्या निम्म्या लोकांना कळत नसे. तिला कळे.

त्या घरात मी आणखी एक गोष्ट पाहिली. तो मुलांना हाक मारायचा आणि मुलं मान वर करत नसत. त्याने पुन्हा हाक मारली की धाकटा कंटाळून म्हणायचा, "ऐकलं, ऐकलं." बाप घरात आहे याचं त्यांना काहीही वाटत नव्हतं. मी बोलावलं तर माझी मुलगी लगेच उठून यायची आणि समोर उभी राहायची.

एका संध्याकाळी सगळे समुद्रावर गेलो. ती त्याच्या खांद्यावर बसून पाण्यात शिरली. "काका, वाकू नका, पडेन मी!" आणि हसत होती. मी काठावर सगळ्यांच्या चपला सांभाळत होतो.

"तू पण जा की पाण्यात," बायको म्हणाली.

"तिने बोलावलं नाही."

"ती लाजतेय रे, दुसरं काही नाही. आणि तू तरी किती बघत बसतोस तिच्याकडे. बातमी तपासल्यासारखा."

दाताचं मी दोनदा विचारलं. दोन्ही वेळा तिने ओठ मिटून मान हलवली. "नको. अजून घट्ट आहे." दुसऱ्यांदा विचारलं त्याच संध्याकाळी डेस्कवर तो म्हणाला, "तुझ्या मुलीचा तो खालचा डावीकडचा दात आता फक्त एका कडेने धरून आहे. जिभेने पुढे ढकलून दाखवते. हसूच येतं."

मी त्याला सांगितलं की तिसऱ्या पानावरचा मथळा एका शब्दाने लांब झाला आहे. तो लांब झालेला नव्हता.

घरी आल्यावर बायकोला म्हणालो, "तिने त्याला दात दाखवला."

"मग? दात आहे, दागिना नाही."

"मी पाडायचा ठरला होता."

"तिला विसर पडला असेल."

तिला विसर पडला नव्हता, हे पुढच्या शुक्रवारी कळलं. सुट्टी होती. ती आईचा फोन खेळायला घेऊन वर गेली होती. मी इंजिनिअरांच्या कुंड्यांना पाणी घालत होतो, तेवढ्यात माझा फोन वाजला. व्हिडिओ कॉल. पडद्यावर तिची हनुवटी, ओठावर थोडं रक्त आणि दातांच्या रांगेत एक काळी फट.

"ए बाबा! बघ, बघ! पडला! मी पाडला नाही हं, सफरचंदातच अडकला! तुला पाडायचा होता ना रे? पण मी मुद्दाम नाही केलं!"

तिच्या मागे तो टॉवेल घेऊन उभा होता. माझा आवाज ऐकला आणि बाजूला सरकून चौकटीबाहेर गेला.

मी तसाच जिना चढलो. दार त्याने उघडलं. मला समोर पाहताच मुलीने फोन टेबलावर उपडा ठेवला, ओठ मिटले आणि म्हणाली, "बाबा, माझा दात पडला." पाहुण्यांना सांगतात तसं.

दाताचं काय करायचं हे तिथे ठरून गेलं होतं. त्यांच्याकडे दात रात्री उशीखाली ठेवतात, परी येऊन तो नेते आणि नाणं ठेवते. धाकट्याने नाणंसुद्धा निवडलं होतं. दात अंडं ठेवायच्या छोट्या कपात टेबलाच्या मधोमध होता.

"दात आम्हाला लागेल," मी म्हणालो. "आमच्यात तो छपरावर टाकतात." छापून गेलेल्या चुकीची दुरुस्ती देताना जे इंग्रजी वापरतात, त्या इंग्रजीत मी हे बोललो. धाकट्याचं तोंड उतरलं. स्कॉटिश माणसाने माझ्याकडे पाहिलं, कप उचलून माझ्या हातात दिला आणि म्हणाला, "अर्थातच. तुमच्या घरचा आहे."

खाली आल्यावर बायकोने कप पाहिला.

"मागून आणलास?"

"हो."

"अरे देवा. तुझा स्वतःचा पडला असता तर एवढं केलं नसतंस."

आता तो छपरावर टाकणं भाग होतं. सालमियातल्या इमारतीला कौलं नसतात आणि गच्चीला कुलूप असतं. ऊन उतरल्यावर हारिसला, म्हणजे इमारतीच्या इजिप्शियन रखवालदाराला, किल्ली मागितली. कशाला, ते ऐकून तो हसला. त्याच्या गावी दात सूर्याकडे फेकतात, म्हणाला, छपराचं त्याने ऐकलं नव्हतं. त्याने कुलूप काढून दिलं आणि टीव्हीच्या डिशना हात लावू नका असं बजावलं.

गच्चीवर पाण्याच्या टाक्या होत्या, डिश होत्या, आणि लिफ्टच्या खोलीचं वेगळं छोटं छप्पर होतं. तेच धरायचं ठरलं. मुलीने टिश्यू पेपरमधून दात काढला आणि मुठीत धरून नुसती उभी राहिली. एकदा माझ्याकडे पाहिलं, एकदा आईकडे.

"टाक ना," मी म्हणालो.

तिने आईला खाली वाकवून कानात काही सांगितलं. आई हसली नाही, हे मी पाहिलं.

"तिला टाकताना तुला दाखवायचंय."

"मी इथेच आहे की."

"तसं नाही रे. फोनवर."

"समोर उभा असताना?"

"तू जरा त्या टाकीमागे जा," बायको म्हणाली. "जा ना. कुणी बघत नाहीये."

मी टाकीमागे गेलो. टाकी तापलेली होती, टेकता येत नव्हतं. खिडकीतून खालून स्कॉटिश माणसाचा आवाज आला. तो मुलांना जेवायला बोलावत होता. कुणी उत्तर दिलं नाही. त्याने परत हाक मारली. मग माझा फोन वाजला.

"ए बाबा, दिसतंय का?"

"दिसतंय."

"खोटं! अंगठा लावलायस तू! नुसतं काळं दिसतंय मला. नीट धर ना, किती वेळा सांगायचं तुला?"

मी अंगठा काढला. तिचा आवाज मला दोनदा येत होता, एकदा टाकीपलीकडून आणि मग किंचित उशिराने फोनमधून. आईने फोन धरला. पडद्यावर मुलगी मागे सरकली, हात वर केला आणि दात फेकला. तो भिंतीला लागून परत खाली आला.

"हा धरायचा नाही," ती मला म्हणाली. "हा नुसता प्रॅक्टिसचा होता. तू मोजू नकोस."

"नाही मोजत."

"हसू पण नकोस."

"नाही हसत."

"हसतोयस! दात दिसतायत तुझे!"

दुसऱ्यांदा तिने उडी मारून फेकला. पडद्यावर दात दिसला नाही, एवढा तो लहान होता. छपराच्या पत्र्यावर बारीक आवाज झाला. तो मला फोनमध्ये आला नाही, पलीकडून थेट आला.

"गेला! पाहिलास?"

"पाहिला."

"झालं मग. आता ये."

मी निघालो तशी ती पुन्हा ओरडली, "फोन बंद नको करूस, तसाच ये!"

मी फोन तोंडासमोर धरून टाकीमागून बाहेर आलो.