दुमानचं घमेलं

सिवासच्या डोंगरात उन्हाळ्याचे चार महिने सेनेमचा संसार म्हणजे एक दगडी खोपट, दोनशे मेंढ्या आणि तीन दगडांची चूल. या चुलीवर आधी कुत्र्याचं शिजे, माणसांचं मागाहून.

पूर्वी असं नव्हतं. जवाच्या पिठावर कढत पाणी ओतलं, ढवळलं, घमेल्यात घातलं की झालं. मेंढी कापली तर फोपसं, काळीज तसंच कच्चं कुत्र्यापुढे. तिच्या सासूनं हेच केलं, सासूच्या सासूनंही. पण दोन वर्षांमागे तिचा नवरा हिदिर पोट धरून आडवा झाला. शहरातल्या डॉक्टरांनी त्याच्या यकृतातून टरबुजाएवढी पाण्याची गाठ काढली आणि सेनेमला समोर बसवून सांगितलं, "मेंढीच्या फोपशात, काळजात अशा गाठी असतात. कुत्र्यानं त्या कच्च्या खाल्ल्या की त्याच्या पोटात जंत होतात. त्यांची अंडी कुत्र्याच्या अंगावरून तुमच्या हाताला, हातावरून तोंडात. फोपसं-काळीज कच्चं घालू नका."

सेनेमनं ऐकलं. दुमानला, कळप राखणाऱ्या आपल्या कुत्र्याला, आतलं मांस घालणंच बंद केलं. नुसता जव.

हिदिर वाचला, पण डोंगर चढणं संपलं. रात्रीची राखण धाकटा दीर बेक्ताश करू लागला. पाणी, गोवऱ्या, धारा, दही, सगळं सेनेमच्या अंगावर आलं. आणि यंदा दुमानच्या बरगड्या दिसू लागल्या. जनावर वासराएवढं, रात्रभर कळपाभोवती फिरणारं. पहाटे उतरताना मेंढ्यांच्याही मागे राहायला लागलं. एक दिवस लांडग्यानं गाभण मेंढी नेली.

"वहिनी, कुत्र्याला साधू करून ठेवलंयस तू," बेक्ताश चिडून म्हणाला. "कच्चं काळीज घाल, मग बघ कसा धावतो."

"तुझ्या भावाचं पोट फाडलं ते विसरलास वाटतं?"

"एकाला झालं म्हणून काय सगळ्यांना होतं?"

अंकाराहून लेकीनं कोरड्या खाण्याचं पोतं पाठवलं. सेनेमनं एकदम घमेलंभर घातलं आणि दुमानला तीन दिवस ढाळ लागले. त्याच्या शेपटीखालचं धुताना तिला रडू फुटलं. कुत्र्यासाठी नव्हे, स्वतःसाठीच.

लस टोचायला आलेल्या गुरांच्या डॉक्टरीणबाई नुराय दुमानच्या बरगड्यांवर हात फिरवत म्हणाल्या, "ताई, नुसत्या जवानं पोट भरतं, अंग नाही भरत. इतकं धावणाऱ्याला मांस हवं, चरबी हवी."

"मांस कच्चं नको म्हणतात ना?"

"मग शिजवा. फोपसं, काळीज चांगलं तासभर खदखदू द्या. मेंढीच्या शेपटाची चरबी, दोन अंडी, ताकाची निवळी. जव निम्म्यावर आणा, पण हळूहळू, दहा दिवसांत. आणि मोठं जेवण काम संपल्यावर, सकाळी. भरल्या पोटी धावायला सोडू नका. जंताची गोळी मात्र चुकवायची नाही."

"तासभर," सेनेम म्हणाली. "गोवऱ्या कोण थापणार, बाई?"

डॉक्टरीणबाई पुढच्या मेंढीला लस टोचायला वळल्या.

थापल्या सेनेमनंच. उजाडायच्या आत उठायचं, गावातल्या खाटकाकडून आणलेलं फोपसं-काळीज चिरून हंड्यात टाकायचं, धुरात बसून ढवळायचं, निवल्यावर घमेल्यात ओतायचं. मग दोनशे मेंढ्यांच्या धारा. दुपारी भाकरी हातात धरूनच तिचा डोळा लागे.

पंधरवड्यानं एक मेंढी कड्यावरून घसरली, पाय मोडला. बेक्ताशनं ती कापली आणि सेनेम पातेलं आणायला वळताच काळीज दुमानपुढे फेकलं.

सेनेम तशीच धावली. काळजावर दुमानचा जबडा मिटला होता. तिनं त्या रक्ताळलेल्या तोंडाला हात घातला, दातांमागे बोटं सरकवली आणि ओरडली, "सोड! सोड रे मेल्या!" त्या कुत्र्यानं लांडग्यांची नरडी फोडली होती. बेक्ताश जागच्या जागी थिजला. दुमान गुरगुरला, त्यानं तिच्याकडे बघितलं, आणि जबडा ढिला केला.

तिनं काळीज दगडावर आपटून सुरीनं उभं चिरलं. आत तीन पांढऱ्या पिशव्या. एक फुटली, स्वच्छ पाणी दगडावरून ओघळलं.

"हे बघ," ती धापा टाकत म्हणाली. "हेच होतं तुझ्या भावाच्या पोटात."

बेक्ताशनं कुदळ घेतली आणि कमरेएवढा खड्डा खणला. काळीज पुरून वर दगड रचले. सेनेमनं तीनतीनदा साबण लावून हात धुतले, दुमानला जंताची गोळी लोण्यातून चारली.

पानगळीपर्यंत दुमानच्या बरगड्या झाकल्या. पूर्वीचा जोम आला असं नाही, वयही झालं होतं. पण कळपाच्या पुढे चालू लागला. त्यानंतर लांडगा फिरकला नाही.

खाली गावात उतरायच्या आदल्या दिवशी बेक्ताश घुटमळत म्हणाला, "वहिनी, गावातल्या माझ्या कुत्रीचंही तुझ्याच हंड्यात शिजेल का?"

"हंडा नेतोस तर ने," सेनेम म्हणाली. "ढवळायचं मात्र तूच, दोघांचंही."

त्यानं हंडा उचलला. गावात उतरल्यावर पहिल्या सकाळी धूर बेक्ताशच्या चुलीतून निघाला आणि सेनेम किती वर्षांनी ऊन अंगावर येईतो झोपली.