दोनदा दिलेली प्रश्नपत्रिका

धार काढून झाल्यावर शेवंताबाईंनी म्हशीपुढे वैरण टाकली. मी विचारलं, "आत्ता का?"

"खात उभी राहती. लगेच बसली तर सडांच्या उघड्या तोंडांना घाण लागती," त्या म्हणाल्या.

हे वाक्य मी वाचलेलं होतं. दूध उत्पादकांच्या आमच्या आठवडाभराच्या प्रशिक्षणात पहिल्या आणि शेवटच्या दिवशी एकच प्रश्नपत्रिका देतात. वाढलेल्या गुणांना आम्ही ज्ञान म्हणतो. शेवंताबाईंच्या नवऱ्याने पहिल्या दिवशी कागद जवळजवळ कोरा दिला होता. शेवटच्या दिवशी त्याने हेच वाक्य लिहिलं होतं, आणि मी मनातल्या मनात स्वतःची पाठ थोपटली होती. समोर बसलेल्याला हे कोणी शिकवलं, असा रकाना आमच्या कागदावर नाही.

माझ्या शिकवण्याची फजिती मला सहन झाली नाही. मी पिशवीतून प्रश्नपत्रिका काढली आणि त्यांना एकेक प्रश्न वाचून दाखवला. म्हशीच्या पाठीवरून फिरणारा त्यांचा हात थांबला.

"हे समदं त्यांनी त्या आठवड्यात जेवताना इचारलं हुतं," त्या म्हणाल्या. "मला वाटलं, लग्नाला वीस वर्सं झाली, आता कुठं माझ्या कामाची इचारपूस कराय लागले."