झेंडूचे हार आणि लस

सार्वजनिक आरोग्य ही राष्ट्राची अखंड तपश्चर्या आहे. सरकारी नोकरीत हे वाक्य मी अनेक व्यासपीठांवरून ऐकलं. बोलणाऱ्यासमोर बहुतेक वेळा थंड पेयाची बाटली असे.

सत्तरच्या दशकात मी नागपूर जिल्ह्यात, पारशिवनीकडच्या एका आरोग्य केंद्रावर डॉक्टर होतो. विजेचा भरवसा नव्हता, म्हणून लशींसाठी आम्हाला रॉकेलवर चालणारा फ्रिज मिळाला होता. लसीकरणाच्या उद्घाटनाला मंत्री येणार होते, तेही मे महिन्यात. त्या सकाळी फ्रिज उघडला, तर आत थंड पेयाच्या बाटल्या, झेंडूचे हार आणि संत्र्याची बर्फी. घटसर्पाची लस खिडकीत, उन्हात.

मंडपाची व्यवस्था पाहणारे विस्तार अधिकारी म्हणाले, "मीच काढली काल दुपारी. साहेब नागपूरहून येऊन राहिले, त्याईले गरम पाजू का?"

"ही लस आता कामाची नाही."

"पाण्यावानीच तं दिसते. टोचून टाका न! फोटो निघाला म्हणजे झालं."

मी लशीच्या सगळ्या बाटल्या मोरीत ओतल्या.

मांडवात पहिल्या रांगेत एक बाई मांडीवर लेकरू घेऊन बसली होती. तिचा थोरला आदल्या वर्षी घटसर्पानं गेला होता. सासू सुईच्या विरोधात, म्हणून तिच्याशी भांडून ही चालत आली होती.

"आज नाही, बाई. लस खराब झाली."

"काहून जी? तुमच्यापाशी तं थंडी पेटी हाये न?"

मी तिचं नाव-गाव वहीत लिहून घेतलं.

"मंग येईन पुन्हा," ती उठत म्हणाली. "तवरिक यानं दम धरला पायजे."

मंत्री आले. रिकामी सिरिंज हातात धरून त्यांनी फोटो काढून घेतला, तपश्चर्येबद्दल बोलले आणि बर्फीची तारीफ केली. शासकीय लस नासवल्याबद्दल खुलासा मात्र माझ्याकडे मागितला गेला.

महिन्याभरानं बर्फाच्या पेटीतून नवी लस आली. निरोप मिळताच ती बाईही आली. लेकरू धडधाकट होतं. बर्फ विरघळायच्या आत मी त्याला पहिली सुई दिली. अजून दोन द्यायच्या होत्या.

"आता दुसरी कधी जी?" तिनं विचारलं.

फ्रिज आदल्याच आठवड्यात नागपूरला, सदर भागातल्या एका साहेबांच्या बंगल्यावर गेला होता. तिथे पाणी पुरेसं गार होत नव्हतं.